रिकामा ठोका

१

दोष मामाचा. ठोंब्याने नंतर बापावर राग काढला, एका हॉटेलच्या मॅनेजरवर काढला, स्वतःवर तर काढलाच. पण ज्याचं माप त्याच्या पदरात घालायचं तर दोष मामाचा. मामाला माहीत होतं आणि मामा बोलला नाही. मोठ्या माणसांची ही जुनी खोड. ‘असं करू नकोस’ म्हणायला यांची जीभ कधी अडत नाही, आणि ‘का’ विचारलं की दातखीळ बसते.

ठोंब्या हे नाव बापाने ठेवलेलं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला पोरगा कॉलेजातून निघून आला आणि मागच्या खोलीत गिटार घेऊन बसला, त्या दिवसापासून बापाने त्याला खऱ्या नावाने हाक मारली नाही. बाप खोक्यांच्या कारखान्यात भांडारप्रमुख. आयुष्यभर रिकामी खोकी मोजलेला माणूस, त्याला रिकाम्या पोराची किंमत कळायला वेळ लागला नाही.

“ही खोली कमावत्या माणसाची,” बाप जेवताना म्हणाला. “महिनाअखेरपर्यंत वाजवण्याचं काम मिळव. नाहीतर माझ्याबरोबर कारखान्यात ये. नाहीतर खोली रिकामी कर.”

“अहो, जेवताना तरी,” आई म्हणाली.

“जेवतानाच. तेवढ्यापुरता तर तो समोर असतो.”

ठोंब्याला घर सोडायचं नव्हतं. तोंडाने तो कितीही फटकळ असला तरी त्याला ती खोली हवी होती, सकाळी आईने दारावर थाप मारून ‘ऊठ रे गाढवा’ म्हणायला हवं होतं. आणि बापाच्या हाताखाली खोकी मोजायची नव्हती. भांडण एवढ्याचंच होतं.

२

मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, वाद्यं दुरुस्त करायचा. दुसऱ्या गल्लीत तळमजल्यावर त्याचं दुकान. भिंतीवर बिनतारांच्या गिटारी टांगलेल्या, टेबलावर शिकंजे आणि सरसाचा डबा, सगळीकडे लाकडाचा भुसा. मामाचं स्टूल कायम कोपऱ्यात, दोन भिंतींच्या बेचक्यात घट्ट बसवलेलं. उजेड दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी. पण मामा काम करायचा ते कोपऱ्यात, डोळे बारीक करून.

“खिडकीपाशी बस की,” ठोंब्या एकदा म्हणाला. “डोळे फुटतील.”

“फुटू देत. पाठ टेकायला भिंत लागते मला.”

म्हातारपण, ठोंब्याने मनात नोंद केली.

मामाकडे तो गिटारवर ब्लूज, म्हणजे जुनं अमेरिकन दर्दभरं संगीत, शिकायला जायचा, तेही बोटांनी वाजवायचं. त्यातली सगळी मेख अंगठ्यात. बोटांनी वर गाणं वाजवायचं आणि अंगठ्याने खाली, खर्जात, एक जाड तार, एक बारीक तार, पुन्हा जाड, पुन्हा बारीक, असं न थांबता चालत राहायचं. ऐकणाऱ्याला वाटतं दोन माणसं वाजवताहेत. शिकणाऱ्याला वाटतं आपल्याला एकही हात नाही. बोट जरा वाकडं वळलं की अंगठा त्याच्यामागे पळतो.

“अंगठा म्हणजे चालणारा माणूस,” मामा म्हणायचा. “बोटं म्हणजे त्याच्या डोक्यातले विचार. विचार आला म्हणून माणूस रस्त्यात थांबतो का?”

“नाही.”

“तू थांबतोस. बाप उगाच ठोंब्या म्हणत नाही तुला. घे पेपर.”

पेपर म्हणजे वर्तमानपत्र. अंगठा चालू ठेवायचा आणि मोठ्याने बातम्या वाचायच्या. पुलाचं उद्घाटन, साखरेचा भाव, कोणाच्या तरी निधनाची दुःखद वार्ता, आणि खाली ढम टक ढम टक. पहिले कित्येक दिवस साखरेचा भाव आला की अंगठा अडकायचा. मामा हसून हसून खोकायचा. मग एके दुपारी ठोंब्या पान उलटून खेळाच्या बातम्यांवर पोहोचला आणि त्याच्या लक्षात आलं, अंगठा चालूच आहे. तळहाताची कड तारांवर टेकलेली, म्हणून आवाज दबका, जोडे घालून लाकडी जिन्यावर कोणी सावकाश चढत असावं तसा. पहिलं पाऊल जड, दुसरं हलकं.

“सुटला,” मामा म्हणाला. तो खूश दिसायला हवा होता. त्याने फक्त मान हलवली आणि म्हणाला, “आता उचलायला शीक.”

एक फेरा म्हणजे बारा घरं, प्रत्येक घरात चार ठोके. बाराव्या घराचा शेवटचा ठोका मामा वाजवायचा नाही. अंगठा उचलायचा, हात हवेत, मान किंचित डावीकडे कललेली. आणि मग पुन्हा पहिल्या घरापासून. प्रत्येक फेऱ्याला हेच.

“हे का?”

“उचलायचा.”

“पण का?”

“उचलायचा म्हणजे उचलायचा. माझ्याकडे शिकायचं तर असंच.”

बघा. आली दातखीळ.

३

ठोंब्याने फोनवर जुने वाजवणारे ऐकले, नवे ऐकले. एकही जण तो ठोका सोडत नव्हता. सगळ्यांचे अंगठे बाराव्या घरातून पहिल्यात असे जात की सांधा सापडू नये. मामाच्या वाजवण्याला मात्र दर फेऱ्याला एक भोक.

निष्कर्ष सोपा होता. म्हाताऱ्याचा अंगठा दमतो. दम खायला थांबतो आणि त्याला शिस्त म्हणतो. घरोघरी हेच चालतं. बापाची कंबर धरते म्हणून बाप म्हणतो जमिनीवर बसणं वाईट.

तेव्हा ठोंब्याने घरी ते भोक बुजवलं.

घरी दुपारी कोणी नसायचं. बाप कारखान्यात, आई शिवणाच्या कामावर. मागची खोली लांबट बोळाच्या टोकाला होती. ठोंब्या खिडकीकडे तोंड करून, दाराकडे पाठ करून बसायचा. बोळात मधोमध एक फरशी सुटलेली होती. पाय पडला की टक् वाजायची. घरातले सगळे ती ओलांडून जायचे. पाहुणा आला की टक्, म्हणजे पाहुणा मोरीकडे निघाला.

भोक बुजलं आणि वाजवणं एकदम वेगळंच झालं. फेऱ्याला फेरा जोडला जाऊ लागला. तो तासन्‌तास वाजवायचा आणि अंगठा आपला चालतोय, चालतोय. एवढा आत्मविश्वास त्याला जन्मात कधी वाटला नव्हता. याच भरात त्याने एका हॉटेलात फोन केला. संध्याकाळी वाजवायला माणूस हवा अशी पाटी त्याने तिथे पाहिली होती. मॅनेजर म्हणाला, शनिवारी दुपारी या, एक चीज ऐकवा.

“कोण ऐकणार तुझं?” बाप म्हणाला.

“पैसे देणारे,” ठोंब्या म्हणाला. आईने हसू लपवायला पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

४

मग अंगठ्यातली नखी निसटली. धातूची ती, अंगठ्यात अडकवायची. घामाने सैल झाली आणि नेमकी फेऱ्याच्या शेवटी उडून पलंगाखाली गेली. शेवटचा ठोका वाजलाच नाही.

पण तो ऐकू आला.

टक्.

ठोंब्या नखी शोधायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. टक् गिटारीतून आलं नव्हतं. बोळातून आलं होतं. फरशी.

“आई?”

आई नव्हती. बोळ मोकळा, पुढचं दार आतून बंद. तो त्या फरशीपर्यंत गेला, तिच्यावर पाय दिला, टक्, उचलला, गप्प. लाकूड तापतं, फरशा तापतात, दुपारच्या वेळी घर आळोखेपिळोखे देतं. इंजिनिअरिंग सोडलं असलं तरी एवढं त्याला शिकवलं होतं.

तापलेली फरशी ठोक्यावर कशी वाजते, हे मात्र शिकवलं नव्हतं. ना आधी, ना नंतर. नेमकी ठोक्यावर.

योगायोग, तो म्हणाला, आणि पुन्हा वाजवायला बसला. या वेळी अंगठा मुद्दाम उचलला, मामासारखा. फेरा संपला. हात हवेत. काही नाही.

पाहिलंस, तो स्वतःलाच म्हणाला. आणि पुढचे कितीतरी फेरे त्याने सलग, एकही ठोका न सोडता वाजवले, घरात आपल्याशिवाय कोणी नाही हे स्वतःला दाखवून द्यायला. मग पुन्हा उचलला.

टक् आलं नाही. आवाज आला तो खोलीच्या दाराच्या उंबऱ्यावरून. लाकडावर जोडा टेकल्याचा आवाज. हलकं पाऊल. म्हणजे त्याच्या आधीचं, जड पाऊल पडून गेलं होतं. ते त्याला ऐकू आलं नव्हतं, कारण त्याच क्षणी त्याचा स्वतःचा अंगठा जाड तारेवर पडत होता.

 प्रत्येक ठोक्याला एक पाऊल पडत होतं. प्रत्येक पावलावर तो स्वतःच पांघरूण घालत होता.

५

तो घाबरला असं म्हणाल तर तुम्ही त्याला ओळखत नाही. तो चिडला. दुसऱ्या दिवशी त्याने शेजाऱ्यांच्या दारावर थापा मारल्या. वर बिऱ्हाड नव्हतं, खाली एक बहिरे आजोबा होते. त्यांनी त्याला बसवून घेतलं आणि सरकारला शिव्या दिल्या. नळ तपासले. सुटलेल्या फरशीखाली पुठ्ठा सारला. मग खोलीचं दार लावलं, कडी घातली आणि दाराला टेकवून वेताची खुर्ची ठेवली. तिच्यावर इस्त्रीचे कपडे. आता ये, म्हणाला.

फेरा वाजवला. उचलला. शांत.

पाचसहा फेरे सलग, मग उचलला. लांब कुठेतरी, पुढच्या दारापाशी, हलकं पाऊल.

आणखी सलग. उचलला. बोळ, पुठ्ठ्यामुळे दबकं.

 इतकं चांगलं त्याने आजवर वाजवलं नव्हतं, आणि कुठेतरी आत हेही कळत होतं की आपण चांगलं वाजवतोय म्हणूनच ते नीट चालतंय. मध्ये एकदा त्याची कॉर्ड चुकली, अंगठा भलत्याच तारेवर पडला, तर बोळात कोणीतरी अडखळल्यासारखं भिंतीला खरचटलं.

आणखी सलग. उचलला.

त्या रिकाम्या ठोक्यात त्याच्या पाठीमागे वेताची खुर्ची करकरली. माणूस टेकताना करकरते तशी, आधी बारीक, मग वजन पडल्यावर भरदार.

त्याने पंजा तारांवर दाबला. खिडकीतून खालच्या रस्त्यावर एक बाई सायकल हातात धरून चढ चढत होती. तो तिच्याकडे बघत राहिला. ती कोपऱ्यावरून वळली तरी बघत राहिला. मग मागे वळला. कडी लावलेली. खुर्ची जागेवर. इस्त्रीचे कपडे खाली पडले नव्हते. नुसते चुरगळले होते, मधोमध.

६

“किती जवळ?” मामाने विचारलं.

काय झालं, कसलं पाऊल, डोकं फिरलंय का तुझं, यातलं एक अक्षर नाही. किती जवळ. त्या दोन शब्दांनी ठोंब्याला जेवढं घाबरवलं तेवढं खुर्चीने घाबरवलं नव्हतं.

“खोलीत. खुर्चीवर.”

मामाने हातातली कानस खाली ठेवली. “तू ठोका भरत होतास.”

“हो, भरत होतो! भोक होतं ते! तू सांगितलं होतंस का की ते ऐकण्यासाठी आहे?”

“उचलायचा, सांगितलं होतं.”

“का ते सांगितलं नव्हतंस!”

“हे बघ.” मामाचा आवाज दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावं तसा झाला. “उचलायचं आणि ऐकायचं. लांब असलं तर वाजवत राहायचं. जवळ आलं की थांबायचं, त्या दिवशी पुन्हा हात लावायचा नाही. थांबलं की ते मागे जातं, पार मागे. दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून चालत येतं. झालं. एवढंच आहे. मी तीस वर्षं वाजवतोय.”

“कोण आहे?”

“मला काय ठाऊक? मी कधी पाहिलं नाही. पाहिलं नाही म्हणून तर इथे बसलोय.” आणि त्याने पाठ भिंतीला आणखी घट्ट लावली.

“मग मला शिकवलंस कशाला?”

मामा भुशात बोट फिरवत बसला. तोंड उघडलं तेव्हा तो ठोंब्याकडे बघत नव्हता.

“तुझा अंगठा सुटल्यापासून,” तो म्हणाला, “ते माझ्याकडे येत नाही. फेरेच्या फेरे वाजवले तरी येत नाही. झोप लागते मला आता.”

ठोंब्याला जे बोलायचं होतं ते आईच्या भावाला बोलता येण्यासारखं नव्हतं. तरी तो बोलला. सगळं बोलला. मामाने ऐकून घेतलं, आणि शेवटी विचारलं, “शनिवारी वाजवायला जाणारेस ना?”

“जाणार. माझं घर आहे पणाला.”

“मग उचलत जा, बाळा.”

बाळा म्हणाला. लाज नाही.

७

शनिवारी दुपारी हॉटेल अजून उघडलं नव्हतं. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. एक मावशी दारापासून फरशी पुसत येत होत्या, काळी गुळगुळीत फरशी, ओली झाल्यावर आरशासारखी. मॅनेजर म्हणजे टाय लावलेला गोल माणूस, कॉफीचा कप हातात. ठोंब्याने खुर्ची भिंतीला नेऊन टेकवली.

“अहो, तिकडे कुठे? मधे बसा. गिऱ्हाइकाला दिसायला नको?”

तो मधे बसला. पाठीमागे सगळा हॉल आणि दार. समोर काउंटर, काउंटरमागे मॅनेजर.

त्याने मामासारखं वाजवलं. फेरा, उचल, कान. शांत. फेरा, उचल. शांत. त्याला हायसं वाटलं. नवी जागा, भर दुपार, एकच चीज. पार मागून चालत यायचं म्हणजे त्यालाही वेळ लागणार.

मॅनेजरने हात वर केला. “छान आहे. खरंच छान. पण दर वेळी शेवटी अडखळता. लोकांचा घास अडकेल हो. अडखळल्याशिवाय येतं का?”

ठोंब्याला येत होतं. या गावात त्याच्याइतकं कोणालाच येत नव्हतं. नाही म्हणायचं, गिटार पेटीत घालायची, सोमवारी बापामागून कारखान्याच्या फाटकातून आत जायचं. की एक चीज सलग वाजवायची.

“येतं की,” तो म्हणाला.

आणि त्याने वाजवलं. बाराव्या घरातून पहिल्यात, सांधा दिसू न देता. मावशींचा हात फडकं धरून थांबला. मॅनेजरने कप ठेवला. चीज संपत आली तसं त्याने ठोंब्याला बोटाने ‘चालू द्या, चालू द्या’ अशी खूण केली आणि फोन लावला. “साहेब, ऐका हं जरा,” म्हणाला, आणि फोन गिटारीच्या दिशेने धरला. फेऱ्यावर फेरा. साहेब ऐकत होते. थांबायची सोय नव्हती, उचलायची तर नव्हतीच.

मावशी आधी मागे बघू लागल्या, ओल्या फरशीकडे. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, वैताग होता. आत्ता पुसलंय आणि कोण हे. ठोंब्याने मान वळवली, थोडीच. दारापासून ओल्यावर पावलं उमटत आली होती. एक पूर्ण. एक नुसता चवडा. पूर्ण, चवडा. शेवटचं अजून भरत होतं, कडेने पाणी आत येत होतं, आणि त्याच्या पुढचं उमटलं तेव्हा त्याचा अंगठा जाड तारेवर पडला.

त्याने मान पुढे फिरवली. चीज संपवली. नीट, शेवटच्या सुरापर्यंत.

“काम तुमचं,” मॅनेजर म्हणाला. फोन खिशात घालत तो काउंटरमागून बाहेर आला, टेबलावरची एक खुर्ची उतरवली, ठोंब्याच्या मागे सरकवली आणि त्याच्या खांद्यावरून कोणाला तरी नम्रपणे म्हणाला, “बसा ना तुम्ही. उभे का?”

८

घरी जाताना तो भराभर चालला आणि मग हळू चालला. काही फरक पडला नाही. गिटार पेटीत बंद होती, तरी मागचं हलकं पाऊल या वेळी मागे गेलं नाही.

जिना चढून त्याने बेल वाजवली. आईने दार उघडलं. त्याच्या तोंडाकडे बघून तिला कळलंच.

“मिळालं?”

“मिळालं.”

“अहो, मिळालं!” ती आत वळून ओरडली. आतून पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला आणि बापाने त्याला हाक मारली, नावाने. खऱ्या नावाने. कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदा.

“ये ना आत, असा काय उभा?” आई बाजूला झाली, दार धरून. तो आत येईल एवढं दार तिने उघडलं होतं. मग तिची नजर त्याच्यावरून मागे गेली, ओळखीचं हसू चेहऱ्यावर आलं, पाहुण्यासाठी येतं तसं, आणि तिने दार आणखी थोडं उघडलं.

ठोंब्याने उंबरा ओलांडला नाही. “सामान आणायचंय, येतो,” असं काहीतरी म्हणाला आणि जिना उतरला. त्याचं पाऊल पायरीवर पडत होतं, मग हलकं, मग त्याचं, मग हलकं.

तो त्या हॉटेलात वाजवतो. लोक खूश आहेत. वाजवताना त्याला काही ऐकू येत नाही. मॅनेजरने मध्ये विचारलं, आमच्या मुलीला शिकवाल का, हुशार आहे, अंगठा छान चालतो तिचा. शिकवलं तर काय होईल हे त्याला मामाकडून कळलं होतं: झोप लागेल. तो नाही म्हणाला. मॅनेजरने पुन्हा विचारलं, तेव्हा ‘का’ तेही सांगितलं, जसंच्या तसं. मॅनेजर हसला, पण मुलगी कॅरम खेळायला लागली. मामापेक्षा एवढं तरी त्याला बरं जमलं.

मागची खोली त्याचीच आहे, आई तिला हात लावू देत नाही. त्या घरात तो पुन्हा गेलेला नाही.